वाचकांचे प्रश्न : लढाई थांबल्यावर पैसा कसा वाटायचा?

मागच्या अंकात मी नेपाळवर लिहिलं होतं. दहा वर्षांचं माओवादी युद्ध, २००६ चा शांतता करार, २०१५ ची राज्यघटना आणि त्यातून आलेलं संघराज्य, एवढा सगळा पट होता आणि शेवटी एक वाक्य टाकलं होतं की बंदुका खाली ठेवल्या की खरी कसोटी पैशाच्या वाटणीत लागते. त्या एका वाक्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर येतच आहेत. धुळे, नंदुरबार, रावेर, चाळीसगाव, सगळीकडून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सहा प्रश्न घेतेय. नावं छापायची नाहीत असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून कोणाचंच नाव नाही.

प्रश्न : मॅडम, मी बीए तिसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. युद्धात रस्ते, पूल, शाळा सगळं मोडलेलं असतं. मग आधी ते बांधायचं सोडून कोणाला किती टक्के हे नियम करत बसणं म्हणजे वेळ घालवणं नाही का? (धुळे)

नाही रे बाळा, दोन्ही बरोबरच करावं लागतं, पण एकच आधी निवड म्हणालास तर मी नियम निवडेन. कारण सांगते. युद्ध झालेल्या देशात माणसाला रस्ता हवा असतोच, पण त्याच्या मनात पहिली शंका ही असते की तो रस्ता माझ्या गावाला येणार की मंत्र्याच्या गावाला जाणार. नेपाळमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये युद्ध पेटलं ते रोल्पा-रुकुमच्या डोंगरात, काठमांडूपासून लांब, जिथल्या लोकांची पिढ्यानपिढ्या तक्रार होती की आमच्यापर्यंत काही पोचतच नाही. सुमारे सतरा हजार माणसं गेली त्यात. अशा ठिकाणी नियम न ठरवता नुसता पैसा ओतला ना, की तोच पैसा पुढच्या भांडणाचं कारण होतो.

आता तुला धुळ्याचंच उदाहरण देते, कारण हे मी पुस्तकात वाचायच्या आधी शेतात पाहिलंय. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, त्यांची साक्री तालुक्यात फडात थोडी जमीन होती. पांझरा-कान नदीवरचे ते जुने बंधारे आणि फड पद्धत, तीनशे-चारशे वर्षांची म्हणतात, तू धुळ्याचा आहेस म्हणजे ऐकलं असशीलच. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कोणीही आपल्या हाताने घ्यायचं नाही, ते पाटकरी देणार. मी लहान होते तेव्हा आप्पांबरोबर जायचे, तो पाटकरी खांद्यावर फावडं टाकून चारीच्या कडेने चालायचा, एका शेताचं भरून झालं की मातीचे दोन-तीन फावडे टाकून तोंड बंद, पुढचं तोंड उघड, आणि शेताचा मालक बांधावर उभा असला तरी एक शब्द बोलायचा नाही. आप्पा तर गावात वजनदार माणूस, पण तेही गप्प उभे राहायचे. पाटकऱ्याला मोबदला धान्यात मिळायचा, सगळ्या शेतकऱ्यांकडून, त्यामुळे तो कोणा एकाचा माणूस नव्हता. आणि ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं, म्हणजे झळ सगळ्यांना बसायची, फक्त शेवटच्या शेताला नाही.

नेपाळने २०१५ च्या घटनेत जे केलं त्याचा गाभा हाच आहे. सात प्रदेश केले आणि ७५३ स्थानिक सरकारं, म्हणजे आपल्या महापालिका, नगरपालिका आणि गावपालिका. पाणी, म्हणजे पैसा, कोणाला किती हे सांगायला पाटकरी नेमला, त्याचं नाव राष्ट्रिय प्राकृतिक स्रोत तथा वित्त आयोग. अनुदान चार प्रकारचं, आणि शब्द तर मराठी माणसाला डिक्शनरी न उघडता कळतील असे आहेत बघ: समानीकरण, सशर्त, समपूरक आणि विशेष. समानीकरण म्हणजे ज्याची कमाई कमी आणि गरज जास्त त्याला सूत्राने जास्त. कर्णाली प्रदेश घे, क्षेत्रफळाने सातांत सगळ्यात मोठा आणि लोकसंख्येने सगळ्यात लहान, नुसत्या डोक्यांवर पैसे वाटले तर कर्णालीला काय मिळणार? दहा घरांसाठी सुद्धा आख्खा डोंगर चढून औषधं न्यावी लागतात तिथे. आपल्याकडे हेच काम कलम २८० खालचा वित्त आयोग करतो, पंधराव्या आयोगाने केंद्राच्या करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांना ठरवून दिला होता आणि राज्याराज्यांत वाटताना सगळ्यात जास्त वजन, ४५ टक्के, कोणतं राज्य उत्पन्नात किती मागे आहे याला दिलं होतं.

नेपाळची अजून एक गोष्ट मला फार आवडते आणि ती कोणी फारशी सांगत नाही. केंद्राने बजेट कधी मांडायचं ती तारीख त्यांनी थेट घटनेत लिहून टाकलीय, जेठ महिन्याची १५, म्हणजे आपला मे संपता संपता. मग गावपालिकेने आपलं बजेट असारच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मांडायचं. म्हणजे वरून किती येणार हे कळल्यावर खालच्याला हिशोब लावायला दिवस मिळतात. तुला वाटेल तारखेत काय एवढं, पण ज्या देशात लोकांनी सरकार म्हणजे कधीही येणारं आणि कधीही न येणारं असं पाहिलंय ना, तिथे ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम येणं हीच खूप मोठी गोष्ट असते.

आणि दोष पण सांगते, नाहीतर तू परीक्षेत सगळं गोड गोड लिहून येशील. कागदावर समानीकरण पुढे आहे, पण प्रत्यक्षात स्थानिक सरकारांना जाणारा सशर्त पैसा त्याच्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे शिक्षकांचा पगार, ठरलेल्या योजना, हे असंच खर्च करा असं काठमांडूने सांगितलेला. कर्मचारी कोणाचे आणि प्रदेशाच्या हाताखाली पोलीस कधी येणार हे प्रश्न तर वर्षानुवर्षं रखडले. अधिकार दिला पण माणूस दिला नाही असं झालं की पाटकरी नेमून त्याच्या हातातलं फावडं काढून घेतल्यासारखं होतं.

प्रश्न : ताई, माझा मिरचीचा व्यापार आहे. मला एवढंच कळतं की जो गोळा करतो त्याला दुखतं. प्रत्येक राज्याने आपापला टॅक्स गोळा करावा आणि आपापला वापरावा, केंद्राने मधे यायचं कशाला? भांडणाचा प्रश्नच नाही. (नंदुरबार)

भाऊ, तुमचा माल सुरतेकडे जातो म्हणून तुम्हालाच विचारते, जीएसटीच्या आधी नवापूरला चेकपोस्टवर ट्रकच्या रांगा लागायच्या ते आठवतंय ना? शांत, एकसंध देशातल्या दोन राज्यांच्या मधे एवढा वेळ जायचा. आता कल्पना करा की त्या नाक्याच्या पलीकडची माणसं तीन वर्षांपूर्वी तुमच्यावर गोळ्या झाडत होती.

युरोपातल्या बोस्नियात अगदी हे झालं. १९९५ मध्ये डेटनचा करार झाला, युद्ध थांबलं, आणि एका देशाचे दोन भाग ठरले, एक बोस्नियाक (म्हणजे तिथले मुसलमान) आणि क्रोआट लोकांचं फेडरेशन आणि दुसरं सर्बांचं. पुढे ब्रच्को हा तिसरा वेगळा जिल्हा. दोन्ही भागांचे कर वेगळे, कस्टम वेगळं, सुरुवातीला गाडीच्या नंबर प्लेटा पण वेगळ्या. आपल्याकडे एमएच १९ दिसली की जळगाव, १८ म्हणजे धुळे आणि ३९ म्हणजे तुम्ही नंदुरबारवाले, आपण कौतुकाने म्हणतो अरे आपल्याकडची गाडी दिसतेय. तिथे नंबर प्लेट बघूनच कळायचं की हा त्यांच्यातला, आणि म्हणून लोक रेषा ओलांडायलाच घाबरायचे. माल कसा जाणार सांगा. मग १९९८ मध्ये नव्या प्लेटा आल्या, त्यात फक्त तीच अक्षरं घेतली जी सर्बांच्या सिरिलिक लिपीत आणि बाकीच्यांच्या लॅटिन लिपीत सारखीच दिसतात, ए, ई, जे, के, एम, ओ, टी, आणि जागेचा कोड काढूनच टाकला. गाडी कुठली ते कळेना आणि लोक फिरायला लागले. मला विचाराल तर त्या देशात आलेल्या कितीतरी मोठ्या मोठ्या योजनांपेक्षा या पत्र्याच्या तुकड्याने बाजार जास्त जोडला. त्याच वर्षी सगळ्यांसाठी एकच चलन आलं, कन्व्हर्टिबल मार्क.

टॅक्सचं मात्र लवकर जमलं नाही. ब्रच्कोजवळ ॲरिझोना नावाचा एक उघडा बाजार उभा राहिला होता, १९९६ मध्ये, परदेशी सैन्याच्या चौकीच्या आसऱ्याने, आणि तिथे कालपर्यंत लढणारे तिन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडून खरेदी करायचे. व्यापाऱ्याला जात-धर्म नसतो म्हणतात ते तिथे दिसलं. पण सरकारला टॅक्सचा एक पैसा मिळत नव्हता, आणि जिथे कोणाचाच कायदा नाही तिथे स्मगलिंग येतं, बायका-पोरींची विक्री येते, ते सगळं त्या बाजारात आलं. शेवटी सगळ्या देशासाठी एकच अप्रत्यक्ष कर प्राधिकरण केलं, त्याचं मुख्य ऑफिस मुद्दाम सर्बांच्या भागातल्या बान्या लुका शहरात ठेवलं, आणि १ जानेवारी २००६ पासून देशभर एकच १७ टक्के व्हॅट लावला. पैसा एका खात्यात जमा होतो आणि शेवटचा ग्राहक कोणत्या भागात आहे ते बघून वाटला जातो. आकडे कोणाचे खरे यावर त्यांची भांडणं अजून होतात. पण भाऊ, भांडण कागदावर होतंय, रस्त्यावर नाही, आणि मालाचा ट्रक चालू आहे.

तुमच्या म्हणण्यातलं एक मला पटतं, गोळा करणाऱ्याला पण काहीतरी आपलं हवं. नेपाळने म्हणूनच घरपट्टी, मालपोत म्हणजे जमीन महसूल, हे स्थानिक सरकारांना दिलं, आणि व्हॅट व देशातली एक्साइज एकत्र गोळा करून ७० टक्के केंद्राला, १५ प्रदेशांना, १५ स्थानिक सरकारांना असं ठरवलं. जो टॅक्स माल फिरला की फिरतो तो एकत्र गोळा करावा, आणि जो एका जागी उभा असतो, घर, जमीन, दुकान, तो गावाने घ्यावा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. सर्वसमावेशक हा शब्द हल्ली प्रत्येक सरकारी कागदावर असतो. आमच्या पाड्यावरच्या बायका ग्रामसभेत मागे बसतात आणि घरी जातात. बजेट सर्वसमावेशक आहे हे ओळखायचं कसं? (धडगाव)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. सही कोणाची लागते ते बघायचं. कोण हजर होतं, कोणाचा फोटो निघाला, कोणाच्या नावाने योजना आहे हे सगळं बाजूला ठेवायचं आणि विचारायचं की या माणसाने सही केली नाही तर पैसा अडतो का? अडत असेल तर तो माणूस आत आहे.

नेपाळच्या प्रत्येक वॉर्डात एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात दोन बायका असायलाच हव्यात आणि त्यातली एक दलित बाई. २०१७ मध्ये वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा निवडून आलेल्यांत साधारण ४१ टक्के बायका होत्या. शिवाय पक्षाने नगरप्रमुख आणि उपप्रमुख दोन्ही उमेदवार दिले तर त्यातली एक बाई हवीच. झालं काय, तर बहुतेक ठिकाणी प्रमुख पुरुष आणि उप बाई. तुम्ही म्हणाल तेच ते मागे बसणं. पण कायदा करणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं. बजेट आणि कार्यक्रम ठरवणारी समिती उपप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली, कर किती लावायचा हे सुचवणारी समिती पण तिच्याचकडे, आणि गावातले जमिनीचे, पाण्याचे, नवरा-बायकोचे तंटे ऐकणारी न्यायिक समिती सुद्धा तिच्याचकडे. म्हणजे खुर्ची दुसऱ्या नंबरची पण कागद तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. सगळीकडे छान चाललंय असं अजिबात नाही, काही वॉर्डांत तर दलित बाईची जागा उमेदवारच मिळाली नाही म्हणून रिकामी राहिली, आणि निवडून आलेल्या कित्येकींना बजेटचं पुस्तक कोणी समजावूनच दिलं नाही. पण पाच वर्षं तंटे ऐकणारी आणि बजेटवर सही करणारी बाई पुढच्या पाच वर्षांत मागे बसत नाही.

तुमच्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीला थेट येतो आणि त्याचं काय करायचं ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. अबंध म्हणजे वरून अट नाही, म्हणजे नेपाळचं ते समानीकरणच झालं म्हणा ना. मी काही वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या एका ग्रामसभेला पाहुणी म्हणून बसले होते, गावाचं नाव सांगत नाही. ठराव वाचला गेला तो शुद्ध सरकारी मराठीत, एका दमात, आणि समोर बसलेल्या निम्म्या बायकांची भाषा पावरी. मग एका मुलीने, दहावी शिकलेली असेल, उठून तेच पावरीत सांगितलं. दोन मिनिटं शांतता आणि मग एक म्हातारी बोलायला लागली ती थांबेचना, हातपंप कुठे हवा, उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी असतं, कोणत्या वाटेने गरोदर बाईला झोळीत घालून आणतात. ठरावात लिहिलेली जागा चुकीची होती आणि ती बदलली गेली. ती मुलगी नसती तर पैसा वेळेवर आला असता, नियमाने खर्च झाला असता, ऑडिटमध्ये पण बसला असता, आणि पंप कोरड्या जागी उभा राहिला असता. तुमच्या शाळेतल्या मोठ्या मुली हे करू शकतील. ठराव आधी दोन दिवस मागून घ्या आणि त्यांच्याकडून बोलीत करून घ्या, हे एक काम तुमच्या हातात आहे म्हणून सुचवते.

प्रश्न : तेल, खनिज, वीज, ज्याच्या जमिनीत निघतं त्याचं की सगळ्या देशाचं? आमची केळी आम्ही पिकवतो, भाव आम्हाला मिळतो, मग तेल ज्याच्या खाली आहे त्यालाच सगळं का नको? (रावेर)

दादा, केळीला तुम्ही बेणं घेता, ठिबक टाकता, अठरा महिने राबता, वादळ आलं तर उभा बाग आडवा होतो आणि नुकसान तुमचंच. तेल कोणी पिकवलेलं नसतं, ते तिथे असतं, म्हणून दोन्हीचा न्याय एकच नाही लावता येत. पण म्हणून ते सगळं राजधानीचं असंही नाही, कारण तेल काढताना घाण होते ती तिथल्याच पाण्यात, आणि ती तिथल्याच लोकांनी सोसायची.

नायजेरियाने यात जे हाल काढले ते सगळ्यांनी माहीत करून घ्यायला हवेत. १९६७ ते ७० बियाफ्राचं युद्ध झालं, पूर्वेकडचे इग्बो लोक वेगळे व्हायला निघाले, हरले. तेव्हाचे लष्करी राज्यकर्ते जनरल गोवन यांनी जाहीर केलं की कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. ऐकायला किती छान. पण मग बँकेचा नियम आला की बियाफ्राच्या चलनात ज्यांची खाती फिरली त्यांना, खात्यात किती का असेना, परत मिळणार फक्त २० पौंड. ज्याने आयुष्यभर दुकान चालवून साठवले त्यालाही वीस. विचार करा, तुमच्या पतपेढीतल्या ठेवीचं असं झालं तर. आणि दोनच वर्षांत, १९७२ मध्ये, परदेशी कंपन्यांचे भाग देशातल्या लोकांना विकायचा कायदा आला, तेव्हा विकत घ्यायला इग्बोंच्या हातात पैसाच नव्हता. बंदुकीने जेवढं नेलं नसेल तेवढं या दोन कागदांनी नेलं, आणि तो सल आज पन्नास वर्षांनी पण त्या लोकांच्या बोलण्यात येतो.

तेलाचं तसंच. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या भागात निघेल त्या भागाला निम्मा हिस्सा होता, तेल वाढत गेलं तसा लष्करी सरकारांनी तो कापत कापत अगदी नावापुरता आणला. नायजर नदीच्या मुखाशी मासे मेले, शेतं काळी पडली, त्यावर बोलणाऱ्या केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये फाशी दिली. मग १९९९ च्या घटनेत लिहिलं की निदान १३ टक्के तरी ज्या राज्यात निघतं त्याला. एवढं सगळं झाल्यावर १३ टक्के! हे युद्ध संपल्याबरोबर लिहिलं असतं तर.

इराकचं वेगळं. तिथे कुर्दांच्या भागाला देशाच्या बजेटचा १७ टक्के हिस्सा मिळायचा, पण तो राजकीय समजुतीवर चालायचा. तेल आम्हीच विकू असं कुर्द म्हणाले आणि २०१४ मध्ये बगदादने पैसे थांबवले. शिक्षक, नर्स, पोलीस, सगळ्यांचे पगार अडकले, आणि त्याच वर्षी दारात आयसिस. समजुतीवर चालणारा हिस्सा असा एका रुसव्यात बंद होतो.

आपल्या घरचं बघायचं तर नर्मदा. १९७९ च्या लवादाने सरदार सरोवरच्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के हिस्सा दिला, आणि बुडणारी आपली ३३ गावं सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. वीज महाराष्ट्राची, बुडालेलं गाव मात्र त्या पाड्याचं. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीत जाऊन आलात तर ‘सगळ्या देशाचं’ म्हणजे काय हे जास्त नीट समजेल. नेपाळने नैसर्गिक साधनांच्या रॉयल्टीत केंद्राला ५०, प्रदेशाला २५ आणि ज्या स्थानिक सरकारांवर परिणाम होतो त्यांना २५ असं ठेवलंय, म्हणजे नदी जिथे अडवली ते गाव हिशोबात आलं. मला हा हिशोब पटतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर, देशाचं, पण उगमाजवळच्याचा हिस्सा आधी बाजूला काढून.

प्रश्न : अशा देशांचं कर्ज माफ केलं की सगळं सुटेल का? (भुसावळ)

श्वास मिळतो, सुटत नाही. सोमालियाचं साडेचार अब्ज डॉलर कर्ज डिसेंबर २०२३ मध्ये माफ झालं, तीस वर्षांनी त्यांना जगाच्या बँकांच्या दारात पुन्हा उभं राहता आलं, ही लहान गोष्ट नाही. पण मोगादिशू बंदराचा महसूल कोणाचा, पुंटलँड-जुबालँडसारख्या राज्यांना त्यातून काय, हे घटनेत वर्षानुवर्षं पक्कं झालं नाही, २०१२ ची ती घटनाच तात्पुरती म्हणून चालवली गेली. नवीन कर्ज मिळेल तेव्हा ते फेडणार कोण आणि वापरणार कोण, हा वाद परत तिथेच येणार.

प्रश्न : आमच्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारे नेपाळी काका आहेत, बारा-पंधरा वर्षं झाली. ते २०२२ मध्ये फक्त मतदानासाठी गावी गेले होते. एवढा खर्च करून, रेल्वे-बस करत, एका मतासाठी? तुमचा लेख वाचून विचारावंसं वाटलं. (चाळीसगाव)

वहिनी, तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण मला पण हेच कुतूहल होतं आणि मी आमच्याकडच्या रखवालदार दादांना विचारलं. ते अछामचे, नेपाळच्या सुदूरपश्चिम प्रदेशातले. तिथली पुष्कळ माणसं महाराष्ट्रात, गुजरातेत रखवालीला असतात. त्यांच्या जिल्ह्याच्या ठिकाणावर, मंगलसेनला, फेब्रुवारी २००२ मध्ये माओवाद्यांनी हल्ला केला आणि एका रात्रीत शंभरावर माणसं मेली. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत, मीही खोदून विचारलं नाही.

मताचं विचारल्यावर मात्र खुलले. म्हणाले, आधी मुलाचा जन्मदाखला असो की नागरिकतेच्या कागदासाठी शिफारस, एक कागद घ्यायचा तर कितीतरी लांब डोंगर उतरून जायचं, साहेब नसले की परत. आता वॉर्ड ऑफिस गावातच, वॉर्ड अध्यक्ष त्यांच्या ओळखीचा, कागद तिथेच होतो. मागच्या वर्षी टोल्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या वस्तीपर्यंत, पाण्याची पाइपलाइन आली, तिचे फोटो त्यांनी मला मोबाइलवर दाखवले, एक काळा पाइप आणि सिमेंटच्या कट्ट्यावर एक नळ, बास, पण सात-आठ फोटो होते. पाइप कोणत्या टोल्याला आधी जाणार यावर निवडणुकीत भांडण झालं होतं म्हणे. मी म्हटलं तुम्ही तर इथे असता, पाणी काय कामाचं. म्हणाले, बायको दोन तास वाचवते रोज.

आणि बाहेरदेशी राहून मत द्यायची सोय नेपाळने अजून केलेली नाही, त्यामुळे ज्याला द्यायचंय त्याला घरी जावंच लागतं. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा पैसा बाहेर गेलेली माणसं पाठवतात, आणि त्याच माणसांना बजेट ठरवणाऱ्याला निवडायचं तर रजा, तिकीट आणि पगार कापून घेऊन जावं लागतं, हे मला अजिबात बरोबर वाटत नाही. पोस्टाने असेल, वकिलातीत असेल, सोय व्हायला हवी.

पुढच्या स्थानिक निवडणुका २०२७ मध्ये यायच्या आहेत. तुमचे काका तेव्हा महिनाभर दिसले नाहीत तर समजून घ्या, आणि कॉलनीचे पैसे गोळा करताना त्या महिन्याचे कापू नका.